अबुजाला जाताना

आपल्या ओळखीपाळखीत कुणाची तरी लेक, बहीण नाहीतर भाऊ परदेशी असतोच. अमेरिका, दुबई, सिंगापूर ही नावं आता आमच्या कराडातही कुणाला नवी राहिलेली नाहीत. पण ‘नायजेरिया’ म्हटलं, की समोरच्या बाईच्या कपाळावर आठी पडते. ‘अगंबाई! तिकडे कशाला?’ हा पहिला प्रश्न. दुसरा, ‘तिथे खायचं काय?’ आणि तिसरा अगदी हळू आवाजात, ‘तिथली माणसं कशी असतात गं?’

माझी धाकटी बहीण यजमानांच्या नोकरीमुळे नायजेरियाच्या राजधानीत, अबुजात राहते. मी तिच्याकडे सहा आठवडे राहून आले. तेव्हापासून हे तीन प्रश्न मला इतक्या जणींनी विचारले, की एकदाच नीट लिहून काढावं असं वाटलं. नायजेरियात सुमारे ६० हजार भारतीय राहतात. त्यात मराठी घरंही आहेत. नोव्हेंबर २०२४ मध्ये आपले पंतप्रधान अबुजाला गेले, तेव्हा तिथल्या मराठी मंडळींनी मराठीला अभिजात भाषेचा दर्जा मिळाल्याचा आनंद त्यांच्यापाशी व्यक्त केला होता. म्हणजे आज ना उद्या आपल्यापैकी कुणी लेकीच्या बाळंतपणाला, कुणी भावाकडे सुट्टीला तिथे जाणारच. उगाच भीती घेऊन जाण्यापेक्षा माहिती घेऊन गेलेलं बरं, नाही का?

राजधानी हलवली कशाला?

अबुजा हे वाढत वाढत झालेलं शहर नाही. ते आधी कागदावर आखलं आणि मग जमिनीवर बांधलं. पूर्वी राजधानी लागोसला होती, अगदी समुद्रकाठी, देशाच्या एका कोपऱ्यात. तिथे गर्दी मावेना. शिवाय नायजेरियात अडीचशेहून अधिक जमाती. हौसा, योरुबा आणि इग्बो या तीन मोठ्या. लागोस पडलं योरुबांच्या मुलखात. १९६७ ते १९७० या काळात देशाने यादवी युद्धाचे चटके सोसले होते. त्यामुळे राजधानी देशाच्या मध्यावर असावी, ती कुणा एका मोठ्या जमातीची वाटू नये, असा विचार पुढे आला. १९७६ साली निर्णय झाला, १९७९ साली आराखडा तयार झाला आणि १२ डिसेंबर १९९१ रोजी राजधानी रीतसर अबुजाला आली. मधल्या भागाची रचना केन्झो टांगे या नामवंत जपानी वास्तुविशारदाने केली.

आणखी एक गंमत. मूळचं अबुजा गाव वेगळंच. नव्या राजधानीने त्याचं नाव घेतलं आणि त्या जुन्या गावाचं नाव झालं सुलेजा. ते आजही राजधानीच्या वायव्येला आहे.

निघण्यापूर्वी

सगळ्यात आधी पीतज्वराची लस, म्हणजे यलो फीव्हरची. हिचा पिवळा दाखला पासपोर्टइतकाच महत्त्वाचा. तो नायजेरियात शिरताना लागतो आणि भारतात परत येतानाही लागतो. परतीच्या वेळी दाखला नसेल, तर विमानतळावरून थेट विलगीकरणात जावं लागतं. तेही सहा दिवसांपर्यंत! लस प्रवासाच्या किमान १० दिवस आधी घ्यायला हवी. ती कुठल्याही दवाखान्यात मिळत नाही. सरकारमान्य केंद्रांवरच मिळते आणि तिथे आधी वेळ घ्यावी लागते. त्यामुळे तिकीट काढलं, की पहिलं काम हेच. एकदा घेतली की आयुष्यभर पुरते. मात्र साठीच्या पुढच्या बायकांनी, गरोदर स्त्रियांनी आणि अंड्याची ॲलर्जी असणाऱ्यांनी डॉक्टरांचा सल्ला घेतल्याशिवाय टोचून घेऊ नये. नऊ महिन्यांच्या आतल्या बाळाला तर ती देतच नाहीत.

दुसरं म्हणजे मलेरिया. तिथला मलेरिया अंगावर काढण्यातला नव्हे. प्रतिबंधक गोळ्या निघण्याआधी सुरू कराव्या लागतात आणि परतल्यावरही काही दिवस घ्याव्या लागतात. त्या कोणत्या आणि किती दिवस, हे डॉक्टरच सांगतील. संध्याकाळी पूर्ण बाह्यांचे कपडे आणि रात्री मच्छरदाणी, यात हयगय नको. घरी परतल्यानंतर ताप आला, तर डॉक्टरांना ‘मी नायजेरियाला जाऊन आले आहे’ हे आवर्जून सांगा.

व्हिसाचे नियम बदलत असतात. एजंटवर सगळं न सोपवता नायजेरियाच्या दिल्लीतल्या उच्चायुक्तालयाची चालू माहिती घरातल्या मुलांकडून पाहून घ्या. मुंबईहून जाताना विमान बहुधा एकदा बदलावं लागतं, अदिस अबाबाला किंवा दोह्याला. तिथलं घड्याळ आपल्यापेक्षा साडेचार तास मागे. आपल्याकडे रात्रीचे साडेनऊ, तेव्हा तिथे संध्याकाळचे पाच. घरी फोन करायला ही वेळ सोयीची.

हवेचं म्हणाल, तर एप्रिल ते ऑक्टोबर पावसाळा. डिसेंबर ते फेब्रुवारी सहारा वाळवंटावरून कोरडा, धुळीचा वारा येतो. त्याला ‘हरमाटन’ म्हणतात. मी त्याच दिवसांत गेले होते. सकाळी सूर्य दुधात बुडवल्यासारखा दिसतो, ओठ फुटतात, टाचांना भेगा पडतात. उन्हाळा मात्र जाणवत नाही. व्हॅसलीन आणि खोबरेल तेल जवळ असलं, की हे दिवस फिरायला चांगले. मार्चमधलं ऊन कडक असतं.

नकाशा एकदा समजून घ्या

आखलेल्या शहराचा पाहुणीला एक मोठा फायदा असतो. त्याची रीत कळली, की माणूस हरवत नाही. उत्तर-पूर्वेला आसो रॉक हा प्रचंड काळा खडक. त्याच्या पायथ्याशी राष्ट्राध्यक्षांचं निवासस्थान, संसद आणि सर्वोच्च न्यायालय. तिथून रुंद रस्ते निघतात, दोन्ही बाजूंना सरकारी कचेऱ्या. भोवती गारकी, वुसे, मैतामा आणि असोकोरो या पहिल्या टप्प्यातल्या वस्त्या. गारकीत ‘एरिया’ आणि वुसेत ‘झोन’, त्यांना नुसते आकडे दिलेले. ‘वुसे झोन फाइव्ह’, ‘गारकी एरिया इलेव्हन’ असे पत्ते. मैतामातल्या कित्येक रस्त्यांना जगातल्या नद्यांची नावं आहेत, मिसिसिपी, नाईल अशी. मैतामा आणि असोकोरो म्हणजे वकिलाती, मंत्री आणि श्रीमंतांचे बंगले. वुसे आणि गारकीत बाजार, दुकानं, दवाखाने आणि आपल्यासारखी माणसं.

एक गोष्ट मात्र पहिल्या दिवसापासून मनावर बिंबवून घ्या. तिथे गाड्या रस्त्याच्या उजव्या बाजूने चालतात. रस्ता ओलांडताना आपली मान सवयीने उजवीकडे वळते आणि गाडी येते डावीकडून!

फिरायचं कसं?

विमानतळ शहरापासून बराच लांब, ३५-४० किलोमीटरवर आहे. पहिल्या दिवशी घरचं माणूस घ्यायला येईल अशीच व्यवस्था करा. शहरात एक रेल्वे आहे, विमानतळापर्यंत जाणारी. ती २०१८ साली सुरू झाली, २०२० मध्ये बंद पडली आणि मे २०२४ मध्ये पुन्हा सुरू झाली. तेव्हा तिच्या भरवशावर बेत आखण्याआधी चौकशी करा.

टॅक्सी मोबाइलच्या ॲपवरून बोलवावी आणि गाडीचा नंबर पडताळून मगच बसावं. रस्त्यात हात दाखवून, आधीच दोन-तीन माणसं बसलेल्या टॅक्सीत चढू नये. त्या ‘सहप्रवाशांनी’च वाटेत लुबाडण्याचे प्रकार तिथे घडतात. त्याला लोकांनी ‘वन चान्स’ असं नावच पाडलं आहे. अबुजातल्या बायकाही आपल्या मुलींना हीच ताकीद देतात. त्यामुळे ही परक्यांची भीती नव्हे, तिथला रोजचा शहाणपणा आहे.

गल्लीबोळांत तीनचाकी रिक्षा धावतात. त्यांना म्हणतात ‘केके’. पहिल्यांदा केके पाहिली आणि मला हसूच आलं. समोर ‘बजाज’! आपल्या वाळूजच्या कारखान्याचं हे लेकरू इतक्या दूर नांदतंय. मुख्य रस्त्यांवर मात्र केकेला मज्जाव आहे. मोटरसायकलच्या टॅक्सीला ‘ओकाडा’ म्हणतात. ती शहराच्या मध्यभागातून २००६ सालीच बंद केली.

शहराबाहेर जायचं असेल, तर दिवसाउजेडी आणि माहीतगार माणसाबरोबरच. महामार्गांवर अपहरणाचे प्रकार होतात. २८ मार्च २०२२ रोजी अबुजाहून कदुनाला जाणाऱ्या रेल्वेगाडीवरच हल्ला झाला होता. हे लपवून काय उपयोग? पण म्हणून घरात बसून राहायचं का? नाही. अंधार पडण्याआधी परतायचं, कुठे चाललोय ते सांगून निघायचं, दागिने घरी ठेवायचे. आपण मुंबईला जाताना पोरींना हेच सांगतो की!

तिथे खायचं काय?

हा आपला जिव्हाळ्याचा प्रश्न. शाकाहारी बाईचं कसं होणार, ही काळजी घेऊन मी डाळ-तांदूळ, मसाल्यांनी अर्धी बॅग भरली होती. तिथल्या बाजारात गेले आणि पाहते तर काय, बाजरी, ज्वारी, शेंगदाणे, तीळ, भेंडी, भोपळे, केळी! चवळीच्या उत्पादनात तर नायजेरिया जगात पहिला.

सकाळी रस्त्याच्या कडेला बायका मोठ्या कढईत ‘अकारा’ तळत असतात. अकारा म्हणजे चवळी भिजवून, सोलून, वाटून, कांदा-मिरची घालून केलेले वडे. चव आपल्या घरची. त्याच वाटणाचा वाफवलेला प्रकार म्हणजे ‘मोई मोई’. पण त्यात अंडं, मासळी किंवा सुकट घालतात, म्हणून विचारून घ्या. ‘मासा’ हे नाव ऐकून दचकू नका. ते आंबवलेल्या तांदळाचे आप्पे, अगदी आपल्यासारख्याच खळग्यांच्या भांड्यात केलेले. बाजरीच्या पिठाचे उकडलेले गोळे घुसळलेल्या आंबट दुधात कालवून खातात, त्याला ‘फुरा दा नोनो’ म्हणतात. फुलानी जमातीच्या बायका ते भोपळ्याच्या तुंब्यातून विकायला आणतात. आणि ‘झोबो’ नावाचं लालभडक सरबत आपल्या लाल अंबाडीच्या बोंडांचं! ‘याम’ हा कंद आपल्या कोनफळाच्या कुळातला. तो उकडून कुटतात आणि भाजीच्या रस्स्याबरोबर खातात. भात म्हणजे ‘जोलोफ’, टोमॅटो आणि मिरचीत शिजवलेला. तो बहुधा मांसाच्या रश्श्यात करतात, तेही विचारून घ्यावं. मांसाहारी मंडळींना ‘सुया’, म्हणजे शेंगदाण्याचा मसाला लावून निखाऱ्यावर भाजलेलं मांस, आवडेल.

पाणी बाटलीबंद किंवा उकळलेलंच प्या. औषधं मात्र आपली आपण पुरेशी न्या, डॉक्टरांच्या चिठ्ठीसकट. तिथे बनावट औषधांचा धंदा फार बोकाळला होता आणि सांगायला वाईट वाटतं, त्यातली बरीचशी भारतातूनही जात. या धंद्याशी एक बाई लढली. डोरा अकुन्यिली. बनावट इन्सुलिनमुळे तिची बहीण दगावली होती. २००१ साली ती देशाच्या औषध नियंत्रण संस्थेची, ‘नाफडॅक’ची प्रमुख झाली आणि तिने गोदामंच्या गोदामं जाळली. २००३ मध्ये तिच्यावर गोळीबार झाला. गोळी डोक्याच्या रुमालातून निघून गेली, ती वाचली आणि पुन्हा कामाला लागली. २०१४ साली ती वारली. आजही तिथल्या बायका औषधाच्या किंवा पाण्याच्या पाकिटावर नाफडॅकचा क्रमांक पाहूनच खरेदी करतात. आपणही पाहावा.

बाजारातलं बोलणं

वुसेचा बाजार म्हणजे आपल्या मंडई आणि तुळशीबागेची बेरीज. रंगीबेरंगी छापील कापड सहसा सहा यार्डांच्या तुकड्यात मिळतं. घासाघीस करायचीच, पण हसून. आधी ख्यालीखुशाली, मग भाव. इंग्रजी सगळीकडे चालतं, पण हौसातले दोन शब्द बोललात तर चेहरे फुलतात. ‘सन्नू’ म्हणजे नमस्कार. ‘इना क्वाना’ म्हणजे रात्री झोप नीट लागली ना? आणि ‘ना गोदे’ म्हणजे आभार. वस्तू किंवा पैसे देताना-घेताना डावा हात पुढे करू नका, तो अपमान समजतात. हे आपल्याला वेगळं सांगायला नको.

तिथली माणसं कशी, याचं उत्तरही मला बाजारातच मिळालं. मी ठेचकाळले, तर चार अनोळखी बायका एकदम ‘सॉरी, सॉरी’ म्हणाल्या. त्यांची काही चूक नव्हती. दुसऱ्याला लागलं, की हळहळ म्हणून तसं म्हणायची रीतच आहे. कष्ट करणाऱ्या माणसाजवळून जाताना ‘वेल डन’ म्हणतात. बाईला तिच्या मुलाच्या नावाने ‘अमक्याची ममा’ म्हणून हाक मारतात. आपल्याकडे ‘बाळूची आई’ म्हणतात तसंच. आणि गेलेली वीज आली, की गल्लीतली पोरं ‘अप नेपा!’ असा जल्लोष करतात. नेपा हे तिथल्या जुन्या वीज मंडळाचं नाव. भारनियमनाचे दिवस काढलेल्या आपल्या पिढीला हा जल्लोष परका वाटणार नाही.

काय पाहाल?

सोनेरी घुमटाची राष्ट्रीय मशीद आणि तिच्यापासून जवळच राष्ट्रीय ख्रिस्ती केंद्राचं भव्य चर्च. दोन्ही मुद्दाम शेजार राखून उभारलेली. मशिदीत परवानगी घेऊन, नमाजाच्या वेळा सोडून जाता येतं. डोकं आणि हातपाय झाकलेले हवेत. २००३ साली खुलं झालेलं मिलेनियम पार्क आणि जबी तलाव मुलाबाळांना घेऊन जायला छान. शहरात हातमागाची कापडं, चामड्याच्या वस्तू, लाकडी मुखवटे मिळतात. कदुनाच्या रस्त्यावरचा झुमा रॉक हा अजस्र खडक १०० नायराच्या नोटेवर छापलेला आहे. नीट पाहिलं, तर त्यावर माणसाचा चेहरा दिसतो.

नोटेवरून आठवलं. २० नायराची नोट हाती आली, तर उलटून पाहा. मागे एक बाई मडकं घडवताना दिसेल. ती लादी क्वाली. नायजेरियाच्या नोटेवर आलेली पहिली स्त्री. आज राजधानीच्या हद्दीत असलेल्या क्वाली गावची ही कुंभारीण. चाक न वापरता, मातीच्या वळ्या एकावर एक रचत, भांड्याभोवती स्वतः फिरत ती घडे करायची आणि त्यावर सरडे, मासे कोरायची. १९५४ साली ती तेव्हाच्या अबुजातल्या, म्हणजे आजच्या सुलेजातल्या, कुंभारकाम केंद्रात दाखल झालेली पहिली स्त्री ठरली. पुढे तिचं काम जगभर गेलं. १९८४ साली ती वारली. त्याच परंपरेतलं काम आजही उशाफा गावात बायका करतात.

आखणीबाहेरच्या बायका

लादी क्वाली ग्बाग्यी जमातीची. ही जमात इथली मूळ रहिवासी. ग्बाग्यी बायका ओझं डोक्यावर घेत नाहीत, खांद्यावर घेतात. डोकं हे मानाचं, ते भाराखाली वाकू नये, अशी त्यांची श्रद्धा. राजधानी आखली तेव्हा कागदावर रस्ते, बागा, कचेऱ्या सगळं होतं. आधीपासून राहणाऱ्यांचं काय, याचं उत्तर मात्र कच्चंच राहिलं. सुरुवातीला सगळ्यांना बाहेर वसवायचं ठरलं, मग खर्च पाहून बेत बदलला. पुढे २००३ ते २००७ या काळात ‘आराखड्यात बसत नाहीत’ म्हणून वस्त्याच्या वस्त्या पाडल्या गेल्या आणि लाखो लोक बेघर झाले. कोयनेच्या धरणग्रस्तांच्या घरी माझं कामानिमित्त जाणं-येणं असतं. त्यामुळे ‘देशाच्या भल्यासाठी’ हे शब्द कुणाच्या चुलीवरून जातात, ते मला ठाऊक आहे.

आज शहर चालवणाऱ्या बायका राहतात कडेच्या न्यान्या, मराराबा, कुब्वा, लुग्बे या वस्त्यांत. बहिणीकडे कामाला येणारी बाई मराराबाहून अंधारात निघते, दोन गाड्या बदलते आणि सातला दारात हजर असते. फळवाली, झाडूवाली, परिचारिका, शिक्षिका, सगळ्या तशाच. १४ एप्रिल २०१४ च्या सकाळी न्यान्याच्या बसतळावर बॉम्बस्फोट झाला, तेव्हा अशीच कामावर निघालेली सत्तरहून अधिक माणसं गेली. त्याच रात्री दूर ईशान्येकडच्या चिबोक गावातून २७६ शाळकरी मुलींना पळवून नेलं. सरकार हलेना, तेव्हा ३० एप्रिलला बायका लाल कपडे घालून अबुजाच्या रस्त्यावर उतरल्या. त्यात माजी शिक्षणमंत्री ओबी एझेक्वेसिली होत्या, तशाच साध्या गृहिणीही. मैतामातल्या युनिटी फाउंटनपाशी त्या रोज, महिनोन् महिने बसत राहिल्या. ‘आमच्या मुली परत आणा’ एवढीच मागणी. बऱ्याच मुली सुटल्या, पण दहा वर्षांनंतरही ऐंशीहून अधिक परतलेल्या नव्हत्या.

मैत्रिणींनो, अबुजात त्या कारंज्यापाशी क्षणभर तरी थांबा. मोठ्या इमारती कुठल्याही राजधानीत दिसतात. दुसऱ्याच्या लेकीसाठी रोज येऊन बसणाऱ्या बायका ज्या शहरात आहेत, तिथे आपली लेक राहते म्हणून इतकं घाबरायचं कारण नाही.

बॅग भरताना

– यलो फीव्हरचा मूळ दाखला आणि त्याची प्रत. दोन्ही हातातल्या पिशवीत ठेवा.
– चौकोनी पिनांचा ब्रिटिश पद्धतीचा प्लग लागतो. बदल-पिन सोबत न्या.
– डॉलरच्या नोटा नव्या, न फाटलेल्या असाव्यात. पैसे बँकेत किंवा अधिकृत ठिकाणीच बदला. नायराचा भाव झपाट्याने बदलतो.
– सरकारी इमारती, पोलीस, लष्कर आणि तपासणी नाके यांचे फोटो काढू नका.
– रोजच्या औषधांचा पूर्ण मुक्कामाचा साठा आणि डॉक्टरांची चिठ्ठी.
– छोटी विजेरी, डास पळवणारं मलम, खोबरेल तेल, सुती ओढणी.
– अबुजातल्या भारतीय उच्चायुक्तालयाचा पत्ता आणि फोन नंबर कागदावर लिहून ठेवा. मोबाइल बंद पडला तरी कागद बंद पडत नाही!